चौकटीवरच्या रेघा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची डावी चौकट गेली चाळीसहून अधिक वर्षं रंगवलेली नाही. रंगारी येतात, घर उजळून जातात, पण तेवढी चौकट तशीच राहते. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, म्हातारीनं पैसे वाचवले. जवळ जाऊन पाहिलं की पेन्सिलीच्या रेघा दिसतात, आणि प्रत्येक रेघेपुढे एक नाव आणि साल. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं झाली की सगळ्या मुलांनी चौकटीला पाठ लावून उभं राहायचं, मी डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि रेघ मारायची. आधी माझी मुलं उभी राहिली, मग भाचरं आणि आता नातवंडं.

२०२५ च्या भाऊबीजेला लेकीचा मुलगा उभा राहायला तयार होईना. साडेतेरा वर्षांचा आहे. "आजी, माझी नको या वर्षी," म्हणाला आणि मोबाईल घेऊन गच्चीवर निघून गेला. त्याची मामेबहीण त्याच्याहून चार महिन्यांनी लहान, पण ती आता त्याच्यापेक्षा हातभर उंच दिसते. (हातभर म्हणजे बोलायची पद्धत. खरं तर दहा-बारा सेंटिमीटर.) ती मोठ्या ऐटीत उभी राहिली, रेघ मारून घेतली, आणि मग तिलाही काहीतरी कळलं असावं, कारण तीही गप्प झाली.

रात्री लेकीनं सांगितलं. शाळेत त्याला "छोटा रिचार्ज" म्हणतात. कबड्डीत घेत नाहीत. गॅदरिंगच्या नाटकात त्याला लहान भावाचं काम दिलं आणि सगळा वर्ग हसला. मग लेकीनं पर्समधून एक डबा काढून दाखवला, दुधात घालायची पावडर, वर उड्या मारणाऱ्या मुलाचं चित्र. दाराला लोखंडी दांडा बसवलाय, रोज दहा मिनिटं लोंबकळतो. "आणि आई, उंचीचं इंजेक्शन असतं म्हणे, त्याची चौकशी करतेय."

माझं शिक्षण मराठी घेऊन बी. ए. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. शास्त्रातलं मला काय कळतंय असं म्हणून मी गप्प बसू शकले असते. पण याच विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती अजून मला टोचते. ती पुढे सांगतेच. त्या रात्री मी लेकीला एवढंच म्हटलं, की आधी चौकट बघ.

नातवाच्या रेघा अशा: २०२२ ला १३१ सेंटिमीटर, २०२३ ला १३६, २०२४ ला १४१. म्हणजे दर वर्षी पाच. आणि त्याच चौकटीवर, जरा फिकट झालेल्या, त्याच्या मामाच्या रेघा. १९८९ साली मामा साडेतेराचा होता, तेव्हा १४३. १९९० ला १४८. आणि १९९१ ला एकदम १५७! पुढच्या वर्षी १६४. आज तो १७१ आहे. लेक बघतच राहिली. भाऊ आपल्यापेक्षा बुटका होता आणि आपण त्याला चिडवायचो हे ती साफ विसरली होती. तिची स्वतःची पाळीसुद्धा पंधराव्या वर्षी आली. तेव्हा माझ्या सासूबाईंनी किती देव पाण्यात घातले होते ते मला आठवतंय. (लेकीनं हे वाचून डोळे वटारले तर वटारो.) उशिरा वयात येणं हे पुष्कळदा घराण्यातच असतं.

अशा रेघा मारणारी मी काही पहिली नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत, तो जन्मल्यापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. त्यांचे मित्र ब्यूफाँ हे मोठे निसर्गअभ्यासक, त्यांनी ती आपल्या ग्रंथात छापली. पुढे कोणीतरी त्यावरून वर्षाला किती वाढ झाली याचा आलेख काढला, तेव्हा दिसलं की जन्मापासून वाढीचा वेग सारखा कमी कमी होत जातो आणि चौदाच्या सुमारास अचानक उसळी घेतो. एका बापाच्या हौसेतून केवढी गोष्ट कळली बघा.

ही उसळी कशामुळे, हे मी या दोन-तीन महिन्यांत वाचलं, हार्मोनच्या डॉक्टरांकडूनही समजून घेतलं. मला समजलं तसं सांगते. जाणकारांनी चुकलं तर कान धरावा.

आधी शब्दाचं कौतुक. मराठी पाठ्यपुस्तकात हार्मोनला "संप्रेरक" म्हणतात. मुलं या शब्दाला घाबरतात, पण तो फार नेमका आहे. हार्मोन हा शब्द १९०५ मध्ये स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं रूढ केला, तो ग्रीक भाषेतल्या "चालना देणे" या अर्थाच्या धातूवरून. आपला "प्रेरक" तेच सांगतो. एका ग्रंथीतून निघायचं, रक्तातून जायचं आणि दूरच्या अवयवाला चालना द्यायची. जुन्या काळचा खलित्याचा जासूद जसा.

आता या खलित्यांचा क्रम. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा भाग आहे. तो त्याच्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला ठरावीक अंतरानं इशारे देतो. गंमत म्हणजे हे इशारे तान्हेपणी काही महिने चालू असतात, मग मेंदू ते जवळजवळ बंद ठेवतो, चांगली आठ-दहा वर्षं! आणि एके दिवशी, खरं तर एके रात्री, ते पुन्हा सुरू होतात. सुरुवातीला फक्त झोपेत. आईबाप म्हणतात पोर शांत झोपलंय, आणि आत केवढं कारस्थान चाललेलं असतं. ते सुरू करणाऱ्या किल्लीचं नाव किसपेप्टिन. तिचा जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी गावात सापडला, आणि ते गाव "किसेस" नावाच्या चॉकलेटांसाठी प्रसिद्ध, म्हणून हे नाव. वयात येण्याशी तिचा संबंध २००३ मध्ये कळला. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलांनी बाकं वाजवली असती.

पीयूषिकेचा इशारा पोचला की मुलींच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि मुलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वाढू लागतं. (वृषण हा शब्द मी पंचाहत्तरीला टेकल्यावर पहिल्यांदा लिहिते आहे. लिहून काही आभाळ कोसळलं नाही.) या दोघांमुळे पीयूषिकेतलं वाढीचं संप्रेरकही जास्त सुटतं, तेही मुख्यतः गाढ झोपेत. मग सगळी एकत्र होऊन हाडांवर काम करतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथे नवं हाड तयार होत जातं. मुलींची ही धाव साधारण साडेअकरा-बाराच्या आसपास ऐन भरात असते, वर्षाला आठ सेंटिमीटरपर्यंत. मुलांची दोन वर्षं मागून, पण वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. म्हणून सातवीत मुली मुलांच्या डोक्यावरून बघतात आणि दहावीत उलटं होतं. मामेबहिणीचं कोडं एवढ्यात सुटतं.

पण मला सर्वांत आश्चर्य वाटलं ते पुढच्या भागाचं. जे संप्रेरक वाढवतं तेच वाढ थांबवतं. इस्ट्रोजेन हळूहळू ती कूर्चेची पट्टी पिकवत नेतं आणि शेवटी ती बुजते, तिथे नुसतं हाड उरतं. मुलींत तसंच आणि मुलांतही तसंच! मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तेच उंचीला पूर्णविराम देतं. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची हकिगत छापली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. तो २०४ सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढत होता, पट्ट्या उघड्याच. दाढीमिशा वगैरे सगळं पुरुषासारखं, फक्त हाडांना "आता पुरे" म्हणणारं कोणी नव्हतं. ज्याला आपण बायकी संप्रेरक म्हणतो त्याच्यावाचून पुरुषाचं हाडसुद्धा पुरं होत नाही.

याचा अर्थ असा की लवकर सुरू होणाऱ्याचं लवकर थांबतं. आणि आता ती चूक सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. आपल्याकडे ज्याला उफाड्याचा बांधा म्हणतात तसली. सगळ्या वर्गात उंच, अंगानं भरलेली. पळण्यात अशी, की सातवीच्या मुलांना मागे टाकायची. एकदा मधल्या सुट्टीत ती मैदानात मुलांबरोबर पळत होती. मी तिला हाक मारली आणि चारचौघींदेखत म्हटलं, "एवढी थोराड दिसतेस, शोभतं का असं उंडारणं? जरा ओढणी घेत जा." ओढणी आमच्या गणवेशात आठवीपासून होती. दुसऱ्या दिवशी ती ओढणी घेऊन आली. शेवटच्या बाकावर बसायला लागली, खांदे पुढे काढून, पाठीत पोक काढून. क्रीडास्पर्धांत नाव दिलं नाही. मला वाटलं, मुलगी समजूतदार झाली.

दहावीत ती वर्गात मधल्या उंचीची होती. बाकीच्या तिच्या पुढे गेल्या होत्या. पोक तेवढं राहिलं.

२०१७ मध्ये एका लग्नात भेटली. वाकून नमस्कार केला, चौकशी केली, सगळं रीतसर. मग जेवणाच्या रांगेत अगदी हळू म्हणाली, "बाई, मी तेव्हा दहा वर्षांची होते हो."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला उत्तरही सुचलं नाही. मी ताटात वाढून घेतलं आणि जेवले नाही.

दहा वर्षं! मुलींमध्ये आठ ते तेराच्या दरम्यान केव्हाही सुरुवात झाली तर ते सर्वसाधारणच, मुलग्यांत नऊ ते चौदा. पाच-पाच वर्षांचा पल्ला आहे. आणि आपण काय करतो? एकाच इयत्तेतल्या चाळीस पोरांना एका मापात बघतो. जो मागे आहे त्याला बाळ समजायचं, जी पुढे आहे तिला बाई. शरीर पंधराचं दिसलं तरी आत दहा वर्षांचंच मन असतं, तिला बाहुल्याच हव्या असतात. संप्रेरकं हाडं वाढवतात, अक्कल त्या मापानं वाढत नाही. हे मला बी. एड.ला कोणी शिकवलं नाही, पण घरात तीन मुलं वाढवलेल्या बाईला ते कळायला हरकत नव्हती.

दुसरी गोष्ट त्या धड्याची. पुनरुत्पादनाचा धडा आला की आमचे शास्त्राचे सर "घरी वाचा" म्हणायचे. एका वर्षी मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, "बाई, मुलींना तेवढं तुम्हीच सांगा." मराठीच्या बाईंनी! मुलींना चित्रकलेच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि वीस मिनिटांत आटोपलं. त्यात हेही ठोकून दिलं की पाळी आली की उंची थांबते. आम्हाला आमच्या आयांनी तेच सांगितलं होतं. खरं असं की मुलींची सगळ्यात जोराची वाढ पाळीच्या आधी होऊन गेलेली असते हे बरोबर, पण त्यानंतरही सरासरी पाच ते सात सेंटिमीटर वाढ होते. एखादी पोलीस भरतीचं स्वप्न बघणारी मुलगी त्या खोलीत बसली असेल तर माझ्या त्या वाक्यानं तिचं काय झालं असेल, कोण जाणे.

आणि मुलगे? त्यांना तर तेवढीही खोली मिळाली नाही. आवाज फुटला की "कोंबडा आरवला" म्हणून हसायचं, मिसरूड फुटलं की चेष्टा, मुरूम आले की चेष्टा. पुष्कळ मुलग्यांच्या छातीशी या वयात थोडी गाठ येते, दुखते, सूज दिसते. संप्रेरकांचं प्रमाण मागेपुढे झाल्यामुळे होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप जातं. पण हे त्यांना सांगतो कोण? आपल्याला काहीतरी भयंकर झालं आहे असं समजून किती पोरं पोहायला जायची बंद होतात, उन्हाळ्यातही बनियन काढत नाहीत.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली याच महाराष्ट्रात "समाजस्वास्थ्य" काढलं आणि १९५३ पर्यंत चालवलं, खटले सोसून. आणि २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांमधलं लैंगिक शिक्षण गदारोळ होऊन थांबवलं गेलं. मी तेव्हा नोकरीत होते. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं होतं. परत ती खोली आणि ते बंद दार नको होतं. आज वाटतं, दारच लावायला नको होतं. मुलगे आणि मुली, दोघांनाही, एकाच वर्गात, सहावीतच, म्हणजे गोष्टी घडायच्या आधी सांगायला हवं. आणि निदान प्रार्थनेच्या रांगा उंचीप्रमाणे लावणं तरी बंद व्हावं. आम्हीच रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्या शाळेला दाखवतो की सर्वांत बुटका कोण, आणि मग वर्गात चिडवाचिडवी का होते म्हणून विचारतो.

सगळंच "होईल आपोआप" म्हणून सोडावं असं मात्र माझं म्हणणं नाही. मुलीला आठच्या आत किंवा मुलग्याला नऊच्या आत सुरुवात झाली, मुलीला तेरापर्यंत किंवा मुलग्याला चौदापर्यंत काहीच चिन्ह नाही, किंवा वर्षाला चार सेंटिमीटरसुद्धा वाढ नाही, तर पावडरी आणि लोंबकळणं सोडून सरळ डॉक्टर गाठावा. कधी अवटू ग्रंथी मंद असते, एका गोळीनं काम होतं. कधी पोटाचा आजार असतो. खरंच वाढीचं संप्रेरक कमी असेल तर ते इंजेक्शन त्या मुलासाठी वरदान आहे. पण शेजारच्याचा मुलगा उंच म्हणून आपल्याला टोचायचं ते औषध नव्हे.

आम्ही नेलंच नातवाला. डॉक्टरांनी आधीची मापं मागितली. लेकीनं चौकटीचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी तो मोठा करून प्रत्येक रेघ वाचली. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी पाच ते अठरा वर्षांचे आलेख तयार केले, त्यात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, त्या आलेखावर त्यांनी ठिपके मांडले. आईबापांच्या उंचीची सरासरी काढायची, मुलगा असेल तर त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, असा एक अंदाजाचा हिशोब असतो, तोही केला. लेक १५५, जावई १७०, म्हणजे १६९ च्या आसपास, थोडं इकडेतिकडे. मग डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे. मनगटाची हाडं किती पिकली आहेत त्यावरून हाडांचं वय कळतं. वय साडेतेरा, हाडं साडेअकराची. तपासून म्हणाले, सुरुवात नुकतीच झाली आहे. मुलग्यांत पहिली खूण वृषणं वाढण्याची, उंचीची धाव नंतर, आणि आवाज, मिशी ही सगळी मागाहून येणारी मंडळी. औषध काही नाही. सहा महिन्यांनी या.

नातवानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मी दोन वर्षं लेट आहे?" डॉक्टर म्हणाले, "तुझ्या हाडांकडे अजून दोन वर्षं शिल्लक आहेत." दवाखान्यातून बाहेर पडताना त्यानं मला विचारलं, मामाला तेव्हा काय म्हणायचे? मी म्हटलं, "बटाटा." तो फार दिवसांनी हसला.

शाळेत मात्र अजून छोटा रिचार्जच चालू आहे. लेक वर्गशिक्षिकेला भेटून आली. त्या म्हणाल्या, मुलं आहेत, चालायचंच. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, हेच मला बोचतं. त्या पाचवीतल्या मुलीचा फोन नंबर मी लग्नाच्या मांडवातच घेतला होता. अजून केलेला नाही. काय बोलायचं ते ठरत नाही.

परवा लेकीचा फोन आला, कुरकुरत होती. जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट चिरंजीवांच्या पायात जात नाहीत. पाच नंबरचे होते, आता सात लागतात, आणि शर्टाची बाही मात्र तितकीच. डॉक्टर म्हणाले होते, आधी पाय आणि हात पुढे जातात, मग तंगड्या, धड सगळ्यात शेवटी. मी लेकीला म्हटलं, आठ नंबरचेच घे, पुढे कापूस घाल.